पोस्टमन दिसला की माझी पाठ भरायची

दुर्गे गुरुजी, आधी तुमचं नाव घेतो. काय झालं ते नंतर सांगतो. ही शिकवण तुमचीच. शाळेत पोरगं गुडघा फोडून रडत आलं की तुम्ही म्हणायचात, "कोनं उचललं ते आधी सांग, कसा पडला ते मंग. नाईतं पडन्याचंच कवतिक होते." म्हणून पहिल्या ओळीत लिहितो, मला तुम्ही उचललं. तुम्ही आंध्रातल्या इचोड्याच्या मराठी शाळेतले मास्तर, आणि मी हायवेवरच्या टायरच्या दुकानातला सोपान, नगरकडचा, आठवीत शाळा सोडलेला. तुमचं माझं नातं काय, असं तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या अंगणात कोणीतरी विचारलं. मला सांगता येईना. तुमच्या पत्नी, सुमनकाकू, त्याच म्हणाल्या, "तो घरचा हाये."

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. काकूंनी वही दिली. म्हणाल्या, मनात आहे ते लिहून काढ, रविवारी पुण्यानुमोदनाच्या सभेत वाचू. मी म्हटलं, काकू, काही गोष्टी चारचौघांत वाचण्यासारख्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्याच वाच." तेव्हा काही चुकलं तर तुम्ही दोघं बघून घ्या.

आपली पहिली भेट आठवली की मला अजून शरम वाटते, आणि हसूही येतं.

तेव्हा माझी पाठ सात-आठ महिने धरलेली होती. आदिलाबादच्या दवाखान्यात फोटो काढून झाला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, म्हणाले, काही नाही. ते "काही नाही" मी बसमध्ये पूर्ण वाटभर चघळत आलो. पट्टा बांधून झाला, मलम चोळून झालं. ढाब्यावरच्या आचाऱ्यानं बिब्ब्याचे डाग दिले, त्यानं पाठीचं दुखणं तर राहिलं नाहीच, वर फोड आले आणि मी आठ दिवस पालथा झोपलो. मग पानवाला म्हणाला, "मराठी शाळेतला मास्तर पायाळू हाये. त्याची एक लाथ बसली का उसन उभी राहत नाई. पन तो मारत नाई, लई अडेल मानूस हाये."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर आले तो. त्यानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते, हे आमच्या नगरकडंही मानतात. मी तीनदा तुमच्या ओट्यावर आलो. तीनदा तुम्ही एकच बोललात, "दिवसभर पोरायले सांगतो का हे खोटं हाये, अन घरी येऊन लाथा मारू का?"

चौथ्या दिवशी मी डोकं चालवलं. शाळेच्या फाटकाशी गल्ली अरुंद होते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाली. तिथं मी सकाळी जाऊन रस्त्यात पालथा पडलो. म्हटलं, मास्तर सायकलवरून उतरणार, ओलांडायला जाणार, कुठं ना कुठं पाय लागणारच. पोरं गोळा झाली. तुम्ही लांबून बघितलंत, सायकल वळवलीत, आणि सायकलीसकट नालीत गेलात. गुडघ्यापर्यंत काळं पाणी. तपासलेल्या वह्यांची पिशवी भिजली. तुम्ही बाहेर आलात, चष्मा शोधलात, मला म्हणालात, "उठ बाबू. तुले लाथ पायजे होती, मले आंगोळ भेटली."

पोरं हसली. मला मात्र राग आला. दुखणाऱ्याला पोरांचं हसणं सोसत नाही. मी म्हणालो, "एक पाय लावला असता तर काय बिघडलं असतं? कसला एवढा ताठा?"

त्यावर तुमचा चेहरा बदलला. हापशीवर जाऊन पाय धुतलेत, वह्या भिंतीवर वाळत घातल्यात आणि वर्गात गेलात. 'ताठा' हा शब्द मी कोणाला बोललो, हे कळायला मला पुढं वर्ष लागलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत तुम्ही दुकानात आलात. मला वाटलं, भांडायला आलात. तुम्ही म्हणालात, चाकात हवा कमी आहे. मग रोजच हवा कमी व्हायला लागली. आमचा उस्ताद म्हणायचा, "मास्टरजी की साइकल में हवा नहीं टिकती, और मास्टरजी यहाँ से नहीं हिलते." तुम्ही हसायचात आणि दाराजवळच्या झिजलेल्या टायरवर बसायचात. माझ्याशी पाठीबद्दल अवाक्षर नाही. गावाकडं पाऊस कसा, बाजरी कशी, आमच्यात ज्वारीच्या भाकरीला काय म्हणतात, असलं बोलणं. आंध्रात येऊन मला तीन वर्षं झाली होती. बसवरच्या पाटीचं एक अक्षर लागत नव्हतं. कोणी माझ्या गावाचं नाव विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या नकाशात शोधून आलात. "नाई सापडलं," म्हणालात. "बारीक असन."

महिना-दीड महिना असा गेला. मग एका दुपारी तुम्ही विचारलंत, "काल नागपूरच्या गाडीचे दोन टायर काढले. तवा दुखली का पाठ?"

"तेव्हा नाही."

"आज सकाळपासून बसून हायेस. आता?"

"आता दुखतेय."

"काऊन?"

"मला काय माहीत. ऊन असेल."

"उनानं नाई. म्या पाहून राह्यलो किती दिवस झाले. टायर उचलते तवा तू सरळ असते. पोस्टमनची घंटी वाजली का तुहा हात कमरेवर जाते."

गुरुजी, त्या क्षणी मला तुमचा जितका राग आला तितका उभ्या जन्मात कोणाचा आला नव्हता. डॉक्टर म्हणतो काही नाही. उस्ताद म्हणतो कामचोर. आता हा मास्तर म्हणतो, पोस्टमन. मी म्हणालो, "म्हणजे मी सोंग करतो का?"

"म्या सोंग म्हटलं का?"

"मग काय म्हटलं?"

"दुखते म्हटलं. कदी दुखते ते म्हटलं."

मी हवेची नळी तुमच्या पायाशी टाकली आणि आत गेलो. तो सारा कापसाचा हंगाम मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही यायचात, आपली हवा आपण भरायचात, टायरवर बसायचात, घंटा झाली की जायचात. आणि जाताना रोज म्हणायचात, "येतो सोपान." मी मान वळवायचो. मला वाटायचं, दुखणं मनातलं आहे असं कबूल केलं तर दुखणंच खोटं ठरेल, आणि माझ्याकडं दाखवायला दुखण्याशिवाय दुसरं होतं काय.

कोंडी फुटली ती एका ट्यूबमुळं. बोथ फाट्यावरचा एक ड्रायव्हर होता. दर तीन दिवसांनी त्याच्या मागच्या चाकाची हवा उतरायची. खिळा नाही, काच नाही, भोक नाही. उस्तादानं दोनदा तपासून सांगितलं, कुछ नहीं है. ड्रायव्हर शिव्या देत परत आला. मी ट्यूब पुन्हा टाकीच्या पाण्यात धरली. काहीच दिसेना. पण या वेळी घाई केली नाही, नुसती दाबून धरून बसलो. तुम्ही टायरवर बसून बघत होता. बऱ्याच वेळानं वाल्वच्या बुडाशी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. मग थांबून दुसरा.

तुमच्यातला मास्तर त्या वेळी गप्प राहिला, याचे उपकार मी विसरणार नाही. बुडबुड्याचा धडा करून तुम्ही सांगितला असता तर मी पुन्हा नळी फेकली असती. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून माझ्या तोंडून निघालं, "गुरुजी, त्या दिवशी पत्र आलं होतं."

"कोनत्या दिशी?"

"पाठ भरली त्या दिवशी."

आणि मग सगळं आलं. माझी आई शेजारच्या मुलीकडून मला पत्र लिहून घ्यायची. महिन्याला एक, निळं अंतर्देशीय. त्या दुपारी पोस्टमननं पत्र दिलं, पण अक्षर वेगळं होतं. चुलत्याचं. आई जाऊन अकरा दिवस झाले होते. दहावा झाला होता, तेरावा मी पोचेपर्यंत होऊन जाणार होता. बाहेर ट्रक खोळंबला होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी पत्राची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि टायर उचलला. तिथं पाठ भरली. तिथून पुढं ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं, टायर उचलताना भरली. मी खोटं बोलत नव्हतो, गुरुजी. मला खरंच टायरच आठवायचा. आईसाठी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. आणि त्यानंतर पत्र यायचं बंद झालं, कारण लिहून घेणारीच गेली. दादांना, माझ्या वडिलांना, लिहिता येत नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी लिहिलं नसतं. मी न सांगता घर सोडलं होतं.

त्या दिवशी शाळेची घंटा झाली तरी तुम्ही उठला नाहीत. पोरं तुम्हाला शोधत दुकानापर्यंत आली. तुम्ही त्यांना म्हणालात, "आज खेळा." नोकरीत पहिल्यांदा, असं काकू सांगतात.

मग तुम्ही तुमच्या वडिलांची मान सांगितलीत. जैनथकडच्या तुमच्या गावात ते पाटलाच्या घरी सालगडी होते. पाटलाच्या दारावरून जाताना मान खाली घालायची, अशी रीत. तुम्हाला नोकरी लागली, तुम्ही त्यांना इचोड्याला आणलंत. इथं त्यांची मान बरी असायची. पण गावाकडं गेले आणि पाटलाचं फाटक दिसलं की मान आखडायची, दोन-दोन दिवस वळायची नाही. तोवर पाटील मरून गेला होता, घराला कुलूप होतं. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. तुम्ही म्हणालात, "पाटील मेला हे बापाले ठाऊक होतं. पन मानीले कोन सांगन?"

हे ऐकून मी हसलो, आणि मग बराच वेळ रडलो. उस्ताद आतून आला, बघितलं आणि पुन्हा आत गेला. त्यानं त्या दिवशी दोन गाड्या एकट्यानं केल्या.

पाठ त्यानं एकदम गेली असं मी लिहिणार नाही, तुम्हाला खोटं चालत नाही. तुम्ही तेव्हाच बजावलं होतं, "जाईन असं म्या म्हनत नाई. ओळख झाली का जोर कमी होते, इतकंच." तुम्ही मला पुन्हा आदिलाबादला नेलंत. डॉक्टरांना पत्राचं सांगायला लावलंत. त्यांनी या वेळी फोटो बाजूला ठेवला, माझ्याकडं बघितलं, पाठीचे चार व्यायाम दाखवले. सकाळी तुमच्याबरोबर बोथच्या वळणापर्यंत चालणं सुरू झालं. चालता चालता आपण भांडायचो. मी म्हणायचो, तुम्ही सगळंच मनावर ढकलता, एकदा ट्रकचा टायर उचलून बघा. तुम्ही म्हणायचात, "टायर जड हाये हे बी खरं. म्या दोन्ही म्हनतो. तुलेच एक पायजे." या भांडणाचा निकाल लागलेला नाही, गुरुजी. अजूनही मला वाटतं, टायरचा वाटा तुम्ही कमी धरत होता.

अशाच एका सकाळी तुम्ही आपण होऊन लाथेची गोष्ट काढलीत. तुम्ही आठ वर्षांचे होता. पाटलाच्या पाठीत उसण भरली आणि त्याला कोणी सांगितलं, तुमच्या सालगड्याचं पोर पायाळू आहे. तुम्हाला मागच्या दारानं गोठ्यात नेलं. ज्याला तुमची सावली चालत नव्हती, तो पोत्यावर पालथा पडला आणि म्हणाला, लाव पाय. तुम्ही तीनदा पाय लावलात. तुमचे वडील गोठ्याच्या दाराबाहेर उभे होते, मान खाली. मग पाटील उठला, आणि तुमच्यादेखत त्यानं डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ केली.

"तवापासून म्या कोनाच्या पाठीले पाय लावला नाई," तुम्ही म्हणालात. "लोकायले सांगतो, मानत नाई म्हनून. मानत नाई हे खरंच हाये. पन त्याच्यासाठीच नाई म्हनत होतो, हे पुरं खरं नाई."

'ताठा' हा शब्द मी कोणाला बोललो होतो, ते तेव्हा कळलं. माफी मागायची होती. बोथचं वळण आलं, तुम्ही नेहमीसारखे मैलाच्या दगडाला हात लावून मागं फिरलात, आणि ती वेळ गेली. पुढं कितीदा मनात आलं. तुम्ही ओट्यावर चहा देत होता तेव्हा, काकू मला आग्रहानं दुसरी भाकरी वाढत होत्या तेव्हा. प्रत्येक वेळी वाटलं, पुढं कधीतरी. आता बोलतो, सगळ्यांसमोर. गुरुजी, मी चुकलो. आणि आणखी एक, जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आमच्या घरीही पडवीच्या कोनाड्यात एक वेगळा कप होता. तो कोणासाठी होता हे मला लहानपणापासून माहीत होतं. तुमच्या कपबशीतून चहा पिताना मला तो दरवेळी आठवायचा.

तुम्हीच मला दादांना पत्र लिहायला लावलंत. सात वेळा फाडलं, आठव्यांदा पेटीत टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. तीन ओळी. पत्र पोचले. माझी कंबर धरली आहे. तू कसा आहेस. तुम्ही ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात. म्हणालात, "कदीपासून धरली, इचार."

मी पत्रातून विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

"मंग जाऊन इचार," तुम्ही म्हणायला लागलात. मी म्हणायचो, पुढच्या हंगामाला. त्यावरून आपली पाच वर्षं हुज्जत चालली. मी म्हणायचो, दादा विचारतील, आता आलास का. तुम्ही म्हणायचात, "म्हनन तं म्हनन. तो बी कोनाची तरी वाट पाहून कंबर धरून बसला असन." शेवटच्या शनिवारीही हाच विषय होता. तुम्ही सायकलवर बसता बसता म्हणालात, "यंदा जाशीन का?" मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, "येतो सोपान."

तुम्हाला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा मला पाठीचीच भीती वाटली. एवढ्या लोकांत ती भरली तर काय, ही लाज वाटण्यासारखी भीती. पण मी खांदा दिला, शेवटपर्यंत बदलला नाही, आणि पाठीनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. बारा वाजता घंटी वाजली. पोस्टमन थांबला, सायकलवर एक पाय टेकून म्हणाला, "मास्तर गेले म्हनते." आणि माझी पाठ भरली, कमरेपासून खांद्यापर्यंत. उस्ताद पट्टा आणायला आत धावला. मी नको म्हटलं. तुमच्या टायरवर जाऊन बसलो. कधीपासून दुखते, हे या वेळी मला कोणी विचारायची गरज नव्हती.

तिकीट काढलं, असं मी लिहीत नाही, कारण अजून काढलेलं नाही आणि भीती अजून आहे. पण यंदा हुज्जत घालायला समोर कोणी नाही, तेव्हा मलाच हरावं लागणार. कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत मी नगरला जाईन. दादा म्हणतील, आता आलास का. मी त्यांच्याजवळ बसेन, कमरेवर हात ठेवीन आणि विचारीन, कधीपासून. ते सांगतील ते पूर्ण ऐकेन, मध्ये घाई करणार नाही. मग ते विचारतील, तुला कोणी पाठवलं. कोनाड्यात तो कप असेल नाहीतर नसेल, मी त्यांना आधी तुमचं नाव सांगेन, आडनावासकट. काय झालं ते त्यानंतर. तुमची फेड एवढ्यानं होत नाही, पण सुरुवात तिथून करीन, गुरुजी.

येतो.